मुलगा फ्रॅटर्निटीत जायचं म्हणतोय? कॉलेजचा हेझिंग रिपोर्ट आधी वाचा – एका आईचा रिव्ह्यू

अमेरिकेत कॉलेजला मुलं असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. रिव्ह्यू कशाचा, तर कॉलेज जो हेझिंग रिपोर्ट काढतं त्याचा (हेझिंग म्हणजे संघटनेत नवीन आलेल्या मुलांचा छळ, आणि रिपोर्ट म्हणजे त्यात दोषी ठरलेल्या संघटनांची यादी), आणि त्याच्या जोडीला जे बाकीचं देतं त्याचा, म्हणजे ऑनलाइन कोर्स, निनावी तक्रारीचा फॉर्म आणि हॉटलाइन. सगळं फुकट आहे, रिपोर्टला तर लॉगिनसुद्धा लागत नाही, आणि तरी आमच्या ओळखीतल्या बहुतेक आईवडलांना असं काही असतं हेच माहीत नाहीये. कॉलेज निवडताना आपण रँकिंग बघतो, इंटर्नशिप कुठे मिळतात बघतो, मील प्लॅनमध्ये व्हेज काय असतं ते पण खोदून खोदून विचारतो, पण मुलगा ज्या घरात जाऊन दोन-तीन वर्षं राहणार त्या फ्रॅटर्निटीचा पूर्वेतिहास कुठे बघायचा हे कुणीच विचारत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, मुलगा पेनसिल्वेनियातल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव घेत नाही कारण खाली काही तक्रारी पण लिहिल्यात, आणि खरं तर हे एका कॉलेजपुरतं नाहीचे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या मुलांच्या संघटना म्हणजे फ्रॅटर्निटी, मुलींच्या त्या सोरोरिटी. सेमिस्टरच्या सुरुवातीला 'रश' असतो, मुलं या संघटनांच्या घराघरात जाऊन भेटतात, मग ज्यांना घ्यायचं त्यांना 'बिड' मिळते, बिड घेतली की मुलगा 'प्लेज' झाला, म्हणजे अजून पक्का मेंबर नाही, आणि पुढचे काही आठवडे त्याने स्वतःला सिद्ध करायचं. हेझिंग होतं ते बहुतेक याच आठवड्यांत. दारू पाजणं हे सगळ्यात जास्त, पण झोपू न देणं, फोन काढून घेणं, रात्री-बेरात्री ड्रायव्हर म्हणून बोलावणं, घर घासून घेणं, मारणं, हे सगळंच त्यात येतं.

आपल्यातल्या ज्यांनी होस्टेलचं रॅगिंग बघितलंय त्यांना वाटतं हे तेच. बरंचसं तेच आहे, पण एक फरक नीट समजून घ्या. रॅगिंग मुलाच्या वाट्याला येतं, तो शिकायला जातो आणि सिनियर त्याला गाठतात. इथे मुलाला आत जायचंच असतं, त्याने स्वतःहून अर्ज केलेला असतो, दार रोज उघडं असतं आणि तरी तो निघत नाही कारण पाच आठवडे सोसलेत, आता दोनच राहिलेत, आणि बरोबरचे बाकीचे पण सोसतायत. म्हणून घरी फोन करून रडत नाही, उलट विचारलं तर "आई, इट्स फाइन, मजा येतेय" म्हणतो. युनिव्हर्सिटी ऑफ मेनच्या एलिझाबेथ ॲलन आणि मेरी मॅडन यांनी २००८ मध्ये ५३ कॉलेजांमधल्या ११ हजारांवर मुलांचा अभ्यास केला होता. क्लब, टीम, संघटना यांत असलेल्या मुलांपैकी ५५ टक्के मुलांना हेझिंगचा अनुभव होता, आणि ज्यांना कळलं की आपल्याबरोबर झालं ते हेझिंग होतं, त्यांच्यातल्या ९५ टक्के मुलांनी कॉलेजला ते कळवलंच नाही. हा ९५ चा आकडा लक्षात ठेवा, रिपोर्ट वाचताना लागणारे.

रिपोर्ट कुठून आला ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही म्हणून ते आधी.

टिमथी पियाझा हा आपल्या न्यू जर्सीचाच मुलगा, वय १९, पेन स्टेटला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री बीटा थीटा पाय नावाच्या फ्रॅटर्निटीत नवीन मुलांना घेण्याचा कार्यक्रम होता. तपासात पुढे आलं की ८२ मिनिटांत त्याला १८ ड्रिंक्स दिले गेले. अकराच्या सुमारास तो तळघराच्या जिन्यावरून पडला, बेशुद्ध. मुलांनी उचलून सोफ्यावर ठेवला. पोटात प्लीहा फाटलेली, डोक्याला मार, आणि मुलांनी काय केलं तर तो उताणा होऊन उलटीत गुदमरू नये म्हणून पुस्तकं भरलेलं दप्तर त्याच्या पाठीला बांधलं. रात्रभर तो उठायचा, पडायचा, परत उठायचा. हे सगळं घरातल्याच कॅमेऱ्यांमध्ये रेकॉर्ड झालंय, म्हणून तर कळलं. ९११ ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन गेला तो जवळपास १२ तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. ४ फेब्रुवारीला तो गेला. आणि ते घर कागदोपत्री दारूमुक्त होतं.

त्याच्या आईवडलांनी, जिम आणि एव्हलिन पियाझा यांनी, मग पाठपुरावा करून ऑक्टोबर २०१८ मध्ये पेनसिल्वेनियात त्याच्या नावाचा कायदा करवून घेतला. जीव गेला किंवा गंभीर इजा झाली तर हेझिंग हा ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा, मुलगा स्वतः तयार होता ही पळवाट बंद, ज्या घरात हे झालं ते घर जप्त करायची सोय, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे प्रत्येक कॉलेजने दोषी संघटनांची यादी जाहीर करायची, वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ ऑगस्टला अपडेट करायची आणि मागच्या पाच वर्षांची माहिती ठेवायची. २०२१ मध्ये न्यू जर्सीनेही त्याच्याच नावाने कायदा केला. मग २३ डिसेंबर २०२४ ला 'स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट' हा केंद्राचा कायदा झाला, त्यामुळे आता फेडरल मदत घेणाऱ्या सगळ्याच कॉलेजांना, तिथे कुणी दोषी ठरलं असेल तर, असा रिपोर्ट लावावा लागतो, पहिल्याची मुदत डिसेंबर २०२५ होती. म्हणजे तुमचं मूल टेक्सासला असो नाहीतर मिशिगनला, आता हे सगळ्यांसाठी आहे.

आता प्रत्यक्ष रिपोर्ट. मुलगा रश करणार म्हणाला त्याच दिवशी मी बसून आमच्या कॉलेजचा सगळा वाचून काढला. दिसायला अगदी साधा तक्ता आहे. संघटनेचं नाव, काय झालं, दारू-ड्रग्ज होते का, घटना केव्हाची, चौकशी केव्हा सुरू झाली, निकाल केव्हा लागला, शिक्षा काय. मुलांची नावं कुठेही नाहीत, तसा नियमच आहे आणि तो बरोबर आहे. भाषा सरकारी. "नवीन सदस्यांना अपेक्षेपलीकडची कामं देण्यात आली" असं एका ठिकाणी लिहिलंय, त्यातून काय समजायचं? पण काही नोंदी सविस्तर आहेत. एका घराच्या नोंदीत होतं की नवीन मुलांचे फोन एका उशीच्या अभ्र्यात गोळा करून ठेवायचे, आळीपाळीने त्यांना पहाटेपर्यंत जागं ठेवायचं, आणि ज्याला माहिती पाठ नाही त्याच्या वाटणीची शिक्षा शेजारच्याला द्यायची. हे शेवटचं वाचून माझ्या पोटात गोळा आला कारण माझा मुलगा स्वतःसाठी कदाचित "नो" म्हणेल पण दुसऱ्याला शिक्षा होतेय म्हटल्यावर तो उठून जाणार नाही, मी ओळखते त्याला.

सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की हा रिपोर्ट मुलाच्या परवानगीशिवाय बघता येतो. भारतात यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे रॅगिंग करणार नाही असं लिहून देताना पालकांची पण सही लागते, म्हणून आपल्याला वाटतं की काही झालं तर कॉलेज आपल्याला बोलावून घेईल. इथे कॉलेजला गेलेल्या मुलाच्या रेकॉर्डवर त्याचाच हक्क, फी तुम्ही भरताय हे खरं पण ऑफिसला फोन केला तर ते अगदी गोड आवाजात सांगतात की आम्ही बोलू शकत नाही. त्या सगळ्या बंद दारांमध्ये ही एक खिडकी आहे जी आईबापांना उघडी आहे, म्हणून मी तिला इतकं महत्त्व देतेय.

आता जे आवडलं नाही ते.

तारखा बघा, तिथेच सगळी गोम आहे. एका नोंदीत घटना सप्टेंबरमधली, चौकशी ऑक्टोबरमध्ये सुरू, निकाल फेब्रुवारीच्या शेवटी. मधल्या काळात जानेवारीचा रश होऊन गेला. म्हणजे तिकडे चौकशी चालू आणि इकडे त्याच घरात नवीन मुलं बिड घेऊन मोकळी, आणि त्यांच्या आईबापांनी यादी बघितली असती तरी तिथे काही दिसलं नसतं, कारण निकाल लागेपर्यंत नाव येतच नाही. वर अपडेट वर्षातून दोनदाच. चौकशी घाईत करा असं मी म्हणत नाहीये, चुकीच्या माणसाला अडकवायचं नाहीये कुणाला, पण "या संघटनेची चौकशी चालू आहे" एवढी एक ओळ टाकायला काय हरकत आहे? रश सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात ताजी यादी हवी, तेव्हाच तिचा उपयोग.

दुसरं म्हणजे कोरी पाटी म्हणजे स्वच्छ घर असं समजू नका. वरचा ९५ टक्क्यांचा आकडा आठवा. ज्याची तक्रारच झाली नाही ते यादीत कसं येणार? उलट ज्या कॉलेजची यादी लांब आहे तिथे निदान कुणीतरी तक्रार घेतंय आणि चौकशी करतंय. मैत्रिणीच्या मुलाच्या कॉलेजच्या रिपोर्टमध्ये नोंदी जवळपास नव्हत्याच, एवढी मोठी युनिव्हर्सिटी, इतक्या फ्रॅटर्निटी, आणि ती खूश झाली. मला तर त्याचीच जास्त काळजी वाटली.

आणि तिसरं, मान्यता काढून घेतलेली घरं. शिक्षेत लिहिलेलं असतं की अमुक वर्षापर्यंत मान्यता रद्द. पण मुलं तीच, घर भाड्याचं, कॅम्पसच्या बाहेर, ती दुसऱ्या नावाने नाहीतर नाव न घेता चालूच राहतात आणि रशही करतात. कॉलेज म्हणतं आमच्याकडे अशी संघटनाच नाही. म्हणून मुलाला बिड आली की पहिला प्रश्न, हे घर कॉलेजच्या मान्यताप्राप्त यादीत आज आहे का? नसेल आणि जुन्या रिपोर्टमध्ये मान्यता रद्द म्हणून सापडलं, तर विषय तिथेच संपवा.

निनावी फॉर्मचा अनुभव पण सांगते कारण तो मी स्वतः वापरलाय. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीचा मुलगा त्याच कॉलेजात आहे, तो एका देसी मुलांच्या ग्रुपमध्ये प्लेज होता. दिवाळीला घरी आला तेव्हा डोळे खोल गेलेले, जेवताना डुलक्या घेत होता, फोन वाजला की दचकून उभा राहायचा. आईला काही सांगेना. माझ्या मुलाला थोडं थोडं बोलला, रात्री तीनला बोलावतात, सगळ्यांना उभं ठेवतात, संपलं की सकाळी आठचं लेक्चर. मैत्रीण म्हणाली, "माझं नाव नको गं, त्याला कळलं तर तो माझ्याशी बोलणं बंद करेल." मग तिच्याशी बोलून तिच्या मुलाचं नाव न देता फॉर्म मी भरला. फॉर्म चांगला आहे, नाव द्यायची सक्ती नाही, ग्रुपचं नाव, जागा, साधारण वार आणि वेळ एवढं दिलं तरी चालतं. लगेच एक छापील ईमेल आलं आणि मग बरेच दिवस काहीच नाही. नंतर ऑफिसमधून एका बाईंचा फोन आला, फार शांतपणे बोलल्या, मुलाचं नाव एकदाही विचारलं नाही, फक्त वेळ आणि जागा परत परत विचारून खात्री करून घेतली. त्या बाईंना माझ्याकडून पूर्ण मार्क. पण पुढे काय झालं ते आम्हाला कुणीच कळवलं नाही, त्या ग्रुपचं नाव रिपोर्टमध्ये दिसलं तेव्हाच कळलं की चौकशी झाली, दोषी ठरले, प्रोबेशन मिळालं. प्रोबेशन म्हणजे ग्रुप चालू, नवीन मुलं घ्यायला एक सेमिस्टर बंदी. मला हे कमी वाटलं. मैत्रिणीला मात्र एवढंच पुरेसं होतं की तीनचे फोन फॉर्म भरल्यानंतर थोड्याच दिवसांत थांबले होते.

आणि हो, देसी ग्रुप म्हणून निर्धास्त राहू नका. "आपलीच मुलं आहेत, गोऱ्यांसारखं नसतं" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा एक मुलगा पाय डेल्टा साय या एशियन मुलांच्या फ्रॅटर्निटीबरोबर पेनसिल्वेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरात गेला होता, तेच पोकोनोज जिथे आपण थंडीत घर भाड्याने घेऊन जातो. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळू भरलेली बॅग, गोठलेल्या अंगणात चालायचं आणि बाकीच्यांनी धावत येऊन पाडायचं. यात मरण दारूने आलं नाही, डोक्याच्या माराने आलं. आणि इथेही हॉस्पिटलला नेण्यात वेळ घालवला. २०१८ मध्ये कोर्टाने त्या फ्रॅटर्निटीला पेनसिल्वेनियातून १० वर्षं बाहेर काढलं आणि १ लाख १२ हजार ५०० डॉलर दंड केला. आणि हे फ्रॅटर्निटीपुरतं पण नाही, फ्लोरिडा ए अँड एम युनिव्हर्सिटीत २०११ मध्ये मार्चिंग बँडच्या मुलाला बसमध्ये मारलं आणि तो गेला. त्यामुळे मुलगी डान्स टीममध्ये असेल, मुलगा क्लब स्पोर्टमध्ये असेल तरी रिपोर्टमध्ये ते नाव शोधाच, त्यात फक्त ग्रीक नावं नसतात.

ऑनलाइन कोर्स. आमच्याकडे तो पहिल्या सेमिस्टरच्या आधी सगळ्यांना करावा लागतो, व्हिडिओ बघायचा, प्रश्नांवर क्लिक करायचं, सर्टिफिकेट. हेझिंग म्हणजे काय, आपली मूल्यं काय, नेतृत्व म्हणजे काय असा बराच भाग आहे आणि तो मला पोकळ वाटला, अठरा वर्षांचा मुलगा ते वाचत नाही, तो पुढचं बटण शोधतो. माझ्या मुलाने केला होता, काय होतं विचारलं तर एवढंच आठवलं की प्रश्न सोपे होते.

पण त्यात शेवटी एक छोटा भाग आहे, बेशुद्ध माणूस समोर असेल तर काय करायचं, आणि तो भाग सोन्यासारखा आहे. मी मुलाला समोर बसवून परत करायला लावला. हलवून, हाक मारून उठत नाही, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेलाय, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतंय, अंग गार, ओठ निळसर, झोपेत उलटी, यातलं एक जरी दिसलं तरी ९११. सगळी लक्षणं जुळायची वाट बघायची नाही. कुशीवर वळवून ठेवायचं आणि सोडून जायचं नाही. "झोपला की उतरेल" हे खोटं आहे, पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात जात राहते आणि माणूस झोपेतच आणखी खाली जातो. थंड पाण्याची आंघोळ नाही, कॉफी नाही, पाठीला दप्तर तर नाहीच नाही.

याला मी इतकं का धरून बसलेय? कारण या सगळ्या केसेस एकापाठोपाठ एक वाचल्यावर एकच गोष्ट परत परत दिसते, वेळ गेला. २०१७ मध्येच लुइझियाना स्टेटला मॅक्स ग्रूव्हर, ग्रीक अक्षरं चुकली की प्यायचं, मग सोफ्यावर ठेवला आणि रात्र काढली. मार्च २०२१ मध्ये ओहायोत बोलिंग ग्रीनला स्टोन फोल्ट्झ, अख्खी बाटली संपवायची म्हणून, मग त्याला त्याच्या अपार्टमेंटवर नेऊन सोडला. त्याच ऑक्टोबरमध्ये मिझुरीत डॅनी सॅन्टुली, ओठ निळे पडलेले, तरी ९११ ऐवजी मित्रांनी स्वतःच्या गाडीत घातला, हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत हृदय बंद. तो जिवंत आहे पण मेंदूला कायमची इजा झाली, त्याला दिसत नाही, चालता येत नाही, बोलता येत नाही. प्रत्येक ठिकाणी खोलीत दुसरी मुलं होती. वाईट नसतील ती, घाबरलेली असतील, घर बंद पडेल, आपण दारूच्या वयाच्या, एकवीसच्या, खाली आहोत, आपल्यालाच पकडतील.

म्हणून कोर्समधलं दुसरं पान महत्त्वाचं, ते म्हणजे फोन करणाऱ्याला मिळणारं संरक्षण. पेनसिल्वेनियाच्या कायद्यात आहे की जो मुलगा चांगल्या हेतूने पहिल्यांदा मदतीला फोन करतो, स्वतःचं नाव सांगतो आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबतो त्याच्यावर त्याबद्दल खटला भरत नाहीत. प्रत्येक राज्याचे नियम थोडे वेगळे आहेत, आपल्या मुलाच्या राज्याचे बघून घ्या. व्हिसावर असलेल्या मुलांची भीती वेगळी असते, भारतातून थेट शिकायला आलेल्या मुलांची तर फारच, त्यांनी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमध्ये हा प्रश्न सेमिस्टरच्या सुरुवातीलाच, काही घडायच्या आधी, विचारून ठेवावा. आमच्या कॉलेजच्या कोर्समध्ये हे संरक्षणाचं पान इतक्या शेवटी आहे की तिथपर्यंत लक्ष टिकत नाही. ते पहिल्या मिनिटाला यायला पाहिजे, आणि मी तसं त्यांना फीडबॅकमध्ये लिहून पण दिलंय.

हॉटलाइनबद्दल थोडंच. १-८८८-६६८-४२९३ हा देशभरातला हेझिंगविरोधी नंबर आहे, बऱ्याच राष्ट्रीय फ्रॅटर्निटी-सोरोरिटी मिळून तो चालवतात, नाव न सांगता बोलता येतं. पण तिथे पलीकडे माणूस नसतो, निरोप रेकॉर्ड होतो आणि त्या संघटनेच्या मुख्यालयाला पाठवला जातो. मुख्यालयाला कळवायचं असेल तर ठीक, कारण काही राष्ट्रीय संघटना खरंच मनावर घेतात, सिग्मा अल्फा एप्सिलॉनने तर २०१४ मध्ये प्लेज हा प्रकारच बंद करून टाकला, बिड घेतली की थेट मेंबर. पण कुणी आत्ता या क्षणी पडलेलं असताना हा नंबर लावायचा नाही, मुलांच्या फोनमध्ये दोन्ही नंबर असतील तर कुठला कशासाठी हे त्यांना नीट समजावून सांगा.

तर मार्क द्यायचे झाले तर रिपोर्टला पाचपैकी साडेतीन, दीड मार्क उशिरासाठी कापले. फॉर्मला चार. कोर्सला अडीच, आणि ते अडीच पूर्णपणे त्या बेशुद्ध माणसाच्या भागाचे. हॉटलाइनला दोन.

माझ्या मुलाचं विचाराल तर त्याला दोन घरांची बिड आली होती. एकाचं नाव रिपोर्टमध्ये होतं, दोन वर्षांपूर्वीचं, दारू आणि झोपू न देणं, सस्पेन्शन संपून नुकतेच परत आलेले. त्याला मी "जाऊ नको" म्हटलं नाही, नोंद दाखवली आणि म्हटलं, तुझा तू जाऊन त्यांना विचार की हे झालं त्यानंतर तुम्ही काय बदललंत. त्याने खरंच विचारलं. तिथल्या प्रेसिडेंटने सांगितलं की ते सगळं जुन्या मुलांनी केलं होतं, आणि बदललं काय ते काही नीट सांगता आलं नाही त्याला. दुसऱ्या घराने नवीन मुलांच्या आठ आठवड्यांचं छापील वेळापत्रक काढून दिलं, कुठल्या दिवशी काय, कुठे, किती वाजता संपणार, त्यांच्या ॲडव्हायझरचा नंबर वर लिहिलेला, आणि म्हणाले घरी दाखव. माझ्या मते हे वेळापत्रक मागणं ही सगळ्यात चांगली परीक्षा आहे, ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही ते देतात. तो दुसऱ्या घरात गेला. सध्या आठवडा तिसरा चालू आहे, रात्री अकराला संपणार लिहिलंय तेव्हा अकराला संपतंय, आणि तो स्वतःहून फोन करून सांगतोय.

ज्यांच्याकडे रश ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतो त्यांनी रशच्या आधी, पेनसिल्वेनियात असेल तर १ ऑगस्टनंतर लगेच, आपल्या कॉलेजच्या नावापुढे 'हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट' टाकून शोधा. पहिल्या झटक्यात सापडला नाही तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसला ईमेल करून लिंक मागा, तो जाहीर ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे आम्ही बोलू शकत नाही हे उत्तर इथे चालत नाही.